सीए आहे, बँक आहे, पण धंदा कुठं चाललाय हे सांगणारं कुणी नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांब झालंय, जागा नसेल तर बिनधास्त कापा, फक्त मधे एका मशीनचा हिशोब दिलाय तो तेवढा ठेवा.

आपल्या पेपरात छोट्या उद्योगांबद्दल जे छापून येतं ते बहुतेक वेळा कर्ज, अनुदान, वीजदर नाहीतर जीएसटी यातलंच काहीतरी असतं. ते यायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी सांगली-मिरज भागात एका बँकेच्या कर्ज खात्यात नोकरी केली, आता रिटायर आहे, आणि डोळ्यादेखत जी युनिटं बसली ती आठवली की एक गोष्ट खटकते. कर्ज मिळालं नाही म्हणून बंद पडलेली त्यात फार थोडी होती. उलट कर्ज मिळालं, वेळेवर मिळालं, कधीकधी गरजेपेक्षा जास्तच मिळालं, ऑर्डरी होत्या, दोन शिफ्ट चालू होत्या आणि तरी चारपाच वर्षांत मालक प्लॉट विकून बँकेचे हप्ते भरत होता, अशीच जास्त. या लोकांना काम येत नव्हतं असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही, कुपवाडच्या एमआयडीसीत असे टर्नर आहेत की नुसता आवाज ऐकून इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचं टोक) गेलाय की बेअरिंग ते सांगतील. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की आपण जी कामं करतोय त्यातल्या कशात पैसे सुटतात आणि कशात जातात, पुढची दोनतीन वर्षं कुठल्या गिऱ्हाईकामागे लागायचं आणि कुणाला हळूच नाही म्हणायचं. आणि हे विचारायला त्यांच्याजवळ माणूस नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं की ज्याचं आपल्या धंद्यात काहीही अडकलेलं नाही अशा एका जाणत्या माणसाला छोट्या धंदेवाल्याने रीतसर फी देऊन बोलवावं आणि सगळं उघडं करून दाखवावं. फुकट नाही, फी देऊन. फुकट सल्ला घेणारा ऐकत नाही आणि देणारा मनावर घेत नाही.

लगेच लोक म्हणणार आमचा सीए आहे की. सीए लोकांबद्दल मला आदर आहे, पण छोट्या धंद्याचा सीए म्हणजे काय ते बघा जरा. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, मधे टीडीएस, मग ऑडिट, मग रिटर्न, त्याच्याकडे असे शेदीडशे पक्षकार, आणि आपण त्याला वर्षाची जी काही फी देतो ती या तारखा सांभाळायची देतो आणि वर चहा पिता पिता विचारतो की साहेब दुसरं मशीन घेऊ का. तो बिचारा म्हणतो घ्या, डेप्रिसिएशन मिळेल. त्याचं चुकलं नाही, त्याने टॅक्सच्या बाजूने उत्तर दिलं. मशीन विकणाऱ्या डीलरला विचारलं तर तो घ्याच म्हणणार. मेव्हण्याला विचारावं तर त्याचे पाच लाख आपल्याकडे हातउसने असतात. मोठ्या कंपनीचा परचेसवाला तर आग्रहच करतो की कपॅसिटी वाढवा, कारण तुमच्याकडे दोन मशीन असली की त्याला रेट पाडायला सोपं. राहिला शेजारचा शेडवाला, तो स्वतःच त्याच खड्ड्यात उभा असतो. म्हणजे सल्ला द्यायला माणसं पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाचं घोडं कुठंतरी बांधलेलं आहे.

आणि आम्ही बँकवाले? आम्हीसुद्धा सल्लागार नाही, हे आता नोकरी संपल्यावर मोकळेपणाने सांगतो. बँक बघते तारण काय, सिबिल काय, रेशो बसतात का. त्यासाठी सीएमए डाटा म्हणून एक कागद लागतो ज्यात पुढच्या पाच वर्षांची विक्री, नफा, खर्च सगळं लिहिलेलं असतं. छोट्या धंद्याच्या भविष्याबद्दलचा तो बहुतेक वेळा एकमेव कागद असतो, आणि तो कसा तयार होतो तर कर्जाचा आकडा आधी ठरतो आणि मग रेशो बसेल अशा बेताने विक्री दरवर्षी वीस टक्क्यांनी वाढवत न्यायची. का वाढेल, कोण घेणार, कुठल्या रेटने, याचा त्यात पत्ता नसतो. मालक सही करतो, आम्ही फाईलला लावतो, परत तो कागद कुणी उघडून बघत नाही. खातं एनपीए झालं, म्हणजे थकलं, की मग उघडतात.

आता तो मशीनचा हिशोब. आकडे मोघम आहेत, प्रत्येकाने आपले घालून बघावेत. समजा २५ लाखांचं व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घेतलं. सात वर्षं चालेल धरलं तर वर्षाला साडेतीन लाख त्याचेच झाले. व्याज सरासरी २ लाख. दोन शिफ्टला दोन ऑपरेटर, अठरा-अठरा हजार पगार, म्हणजे ४ लाख ३० हजार. लाईट दीड लाख, टूल आणि इन्सर्ट १ लाख, शेडचं भाडं दीड लाख (शेड स्वतःची असली तरी धरायचंच, कारण ती दुसऱ्याला दिली असती तर भाडं आलंच असतं). झाले वर्षाला १३ लाख ८० हजार. यात मालकाचा स्वतःचा पगार नाही, रिजेक्शन नाही, आणलेल्या-पोचवलेल्या मालाचं टेम्पोभाडं नाही. आता मशीन रोज १६ तास, वर्षाचे ३०० दिवस चालतं म्हटलं तर ४,८०० तास होतात आणि तासाचा खर्च येतो २८७ रुपये. मालकाच्या डोक्यात हाच हिशोब असतो, तोही असलाच तर, आणि शेजारी साडेतीनशे घेतो म्हणून हाही साडेतीनशे लावतो आणि वाटतं की तासाला साठेक रुपये सुटतायत.

पण मशीन ४,८०० तास चालतच नाही ना. सेटिंगला दोन तास जातात, कास्टिंग वेळेवर येत नाही, लाईट जाते, ऑपरेटर गावच्या जत्रेला जातो, पहिला पीस कंपनीतून पास होऊन येईपर्यंत मशीन उभं. साठ टक्के चाललं तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे २,९०० तास. १३ लाख ८० हजाराला २,९०० ने भागा, तासाला ४७६ रुपये आले. म्हणजे साडेतीनशेच्या रेटला प्रत्येक तासाला सव्वाशे रुपये खिशातून जातायत आणि वर्षाला साडेतीन लाखांच्या वर खड्डा. आणि हा माणूस बँकेत दुसरं मशीन मागायला येतो, कारण ऑर्डर भरपूर आहे!

हा तोटा दिसत का नाही असं विचाराल तर तो सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटच्या खात्यात लपून बसतो. लिमिट कायम फुल, महिनाअखेरीला व्याज लागलं की ओव्हर, मग घरातलं सोनं गोल्ड लोनला, मग सप्लायरचं पेमेंट लांबवायचं. मालकाला वाटतं खेळतं भांडवल कमी पडतंय आणि तो लिमिट वाढवून मागतो. आम्ही वाढवून देतो. दोन वर्षांनी परत तेच.

असाच एक खातेदार होता, नाव गाव सांगत नाही, त्याचा मुलगा इंजिनिअर होऊन धंद्यात आलेला आणि वडलांना हेच सांगत होता, पण घरातल्याचं ऐकायचं नाही हा आपल्याकडे जवळजवळ कायदाच आहे. शेवटी मुलाने एका रिटायर्ड प्रॉडक्शन मॅनेजरला आणलं. त्या गृहस्थांनी ऑफिसात बसून प्रेझेंटेशन वगैरे काही केलं नाही, मशीनजवळ स्टूल टाकून बसले आणि मशीन कधी थांबतं आणि का थांबतं एवढंच वहीत लिहीत राहिले. मग प्रत्येक पार्टचा वेगळा हिशोब काढला. त्यातून निघालं ते असं की ज्या मोठ्या कंपनीचं नाव हे लोक व्हिजिटिंग कार्डावर छापत होते तिचेच दोन पार्ट सगळ्यात तोट्याचे, आणि एका साध्या पंपवाल्याचं किरकोळ वाटणारं काम सगळ्यात फायद्याचं. नवीन मशीन घेऊ नका, आहे त्याचं सेटिंग दोन तासावरून निम्म्यावर आणा, तोट्याच्या दोन पार्टना रेट वाढवून मागा, नाही दिला तर सोडा, असा सल्ला. वडलांनी ऐकलं! मुलगा तेच बोलत होता तेव्हा नाही, पण बाहेरच्याने बोलल्यावर ऐकलं, आणि मुलगा अजून याच्यावर चिडून आहे. पुढे सगळं छान झालं असंही नाही बरं का, कंपनीने रेट दिला नाही, एक पार्ट दुसरीकडे हलवला, सहाएक महिने फार ओढाताणीचे गेले. पण दुसरं मशीन घेतलं असतं तर आज ते युनिट नसतं हे मी त्यांचं खातं बघितलेला माणूस म्हणून सांगू शकतो. (अशा घरांत बहुतेक वेळा मालकाची बायको बिलं लिहीत असते आणि तिला कुठलं गिऱ्हाईक बुडवतंय हे आधीपासून माहीत असतं. तिलाही कुणी विचारत नाही, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

उधारीचंही तसंच. वर्षाची विक्री ३ कोटी आणि पैसे यायला १२० दिवस लागत असतील तर कुठल्याही दिवशी जवळजवळ १ कोटी रुपये लोकांकडे पडून आहेत. तेच ४५ दिवसांवर आणलं तर ३७ लाख. मधल्या ६० लाखांवर ११ टक्क्याने व्याज काढा, साडेसहा लाखांच्या वर जातं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत हा कायदा २००६ पासून आहे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं, २०२३ च्या फायनान्स ॲक्टने इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) हे कलम आणलं त्यामुळे मुदत उलटून वर्षअखेरीलाही पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्चच धरता येत नाही, शिवाय बिल ट्रेड्स नावाच्या ऑनलाईन प्लॅटफॉर्मवर टाकून आधी पैसे उचलायची सोय आहे. हे सगळं माहीत असलेला मालकसुद्धा तक्रार करत नाही कारण त्याला भीती असते की गिऱ्हाईक जाईल, आणि ती भीती काही खोटी नाही. पण कुठल्या गिऱ्हाईकाला किती ताणायचं, कुणाला दोन टक्के कॅश डिस्काउंट देऊन लवकर पैसे घ्यायचे, कुणाचं काम हळूहळू कमी करायचं, हा शांत डोक्याने करायचा विचार आहे आणि सकाळी आठ ते रात्री नऊ शेडमध्ये असलेल्या माणसाचं डोकं शांत कधी असणार?

आता कुणी म्हणेल ही बँकवाल्याची पोपटपंची, सल्ल्याने खरंच फरक पडतो याला पुरावा काय. तर पुरावा आहे आणि तो अमेरिकेतला नाही, तारापूरचा आहे. २००८ साली स्टॅनफोर्ड आणि वर्ल्ड बँकेच्या संशोधकांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांवर एक प्रयोग केला. घरगुती मालकीच्या गिरण्या, सरासरी अडीचपावणेतीनशे कामगार, म्हणजे आपल्या हिशोबाने मोठ्याच, पण कारभार आपल्यासारखाच, सगळे निर्णय मालक आणि त्याचे भाऊ घेणार. काही गिरण्यांना एका आंतरराष्ट्रीय कन्सल्टिंग कंपनीची माणसं पाच महिने दिली, पहिला महिना नुसती पाहणी आणि पुढचे चार महिने अंमलबजावणी, आणि काही गिरण्यांना तुलनेसाठी फक्त पाहणीवर ठेवलं. सल्ला काही रॉकेट सायन्स नव्हता. सुताचा साठा नीट लेबल लावून ठेवा, कुठल्या मागावर कुठला दोष येतो ते रोज लिहा आणि रोज सकाळी त्यावर बोला, मशीन बिघडायच्या आधी मेंटेनन्स करा, जागा स्वच्छ ठेवा. पहिल्याच वर्षात उत्पादकता सरासरी १७ टक्क्यांनी वाढली, कापडातले दोष खूप कमी झाले, पडून राहणारा साठा कमी झाला, आणि पुढच्या तीन वर्षांत या गिरण्यांनी दुसऱ्यांपेक्षा जास्त नवीन युनिटं काढली.

त्या प्रयोगातल्या दोन गोष्टी मला त्या १७ टक्क्यांपेक्षा मोठ्या वाटतात. एक म्हणजे हा सल्ला फुकट होता, बाजारभावाने एका गिरणीमागे अडीच लाख डॉलर पडला असता असा, आणि तरी ६६ गिरण्यांना विचारल्यावर शेवटी तयार झाल्या १७. बाकीच्यांना वेळ नव्हता, गरज वाटत नव्हती, किंवा बाहेरचा माणूस आत नको होता. दुसरं म्हणजे त्या मालकांना आपल्याकडे दोषाचं प्रमाण जास्त आहे हेच पटत नव्हतं, शेजारच्या गिरणीपेक्षा आपलं बरं आहे एवढं त्यांना पुरेसं होतं, आणि इकडे मनुष्यबळाचा जवळजवळ पाचवा हिस्सा नुसता तयार कापडातले दोष काढायला बसलेला! रोज बघून बघून ते दिसेनासं झालेलं. आठनऊ वर्षांनी तीच मंडळी परत बघायला गेली तर शिकवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या, मॅनेजर बदलला किंवा मालकाला वेळ नाही या कारणांनी. तरीसुद्धा त्या गिरण्या दुसऱ्यांच्या पुढेच होत्या.

आपल्याकडे पुण्यातही १९९९ च्या सुमारास युनिडो (संयुक्त राष्ट्रांची उद्योग विकास संस्था) आणि ॲक्मा (सुटे भाग बनवणाऱ्यांची संघटना) यांनी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या वीसेक छोट्या कारखान्यांचा गट करून असाच कार्यक्रम चालवला होता. गटाने केलं की खर्च वाटला जातो, आणि दुसऱ्याच्या शेडमधला कचरा बघितल्यावर आपल्या शेडमधला दिसायला लागतो.

धंद्याच्या धोरणाची गोष्ट तर याच्याही पुढची. पेट्रोल-डिझेल इंजिनाचेच पार्ट बनवणारी शेकडो छोटी युनिटं चाकण-भोसरीपासून कोल्हापूरपर्यंत आहेत, गाड्या इलेक्ट्रिक व्हायला लागल्यात, तर यातल्या किती मालकांनी पाच वर्षांनी आपण काय बनवणार याचा कागदावर विचार केलाय? अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५० टक्के टॅरिफ लावला तेव्हा ज्यांचा सगळा माल एकाच देशात जात होता त्यांची झोप उडाली, आणि ज्यांनी आधीच दोनतीन बाजार धरले होते ते निदान चालू राहिले. इचलकरंजीत अनुदानाची योजना आली की माग घ्यायचे असं किती वर्षं चाललं, त्यात खर्चीवाल्याने, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्याने, माग वाढवले पण सूत त्याचं नाही, कापड त्याचं नाही, पिकाला (विणताना टाकलेल्या आडव्या धाग्याला) किती पैसे मिळणार तेही व्यापारी ठरवणार, मग माग आठचे सोळा करून त्याच्या हातात काय आलं? अनुदान मिळतंय म्हणून मशीन घेणं हा निर्णय नव्हे, तो दुसऱ्याने आपल्यासाठी घेतलेला निर्णय आहे. हे त्याला कुणीतरी सही करायच्या आधी विचारायला पाहिजे होतं, आणि माझ्या टेबलावर तर ती फाईल सही होऊनच यायची.

आता दुसरी बाजू. सल्लागार म्हणून फिरणाऱ्यांत भामटे खूप आहेत हे मला चांगलं माहीत आहे. कर्ज मंजूर करून देतो म्हणून टक्केवारी घेणारे, घरबसल्या आयएसओ सर्टिफिकेट देणारे, हॉटेलच्या हॉलमध्ये सूटबूट घालून एका वर्षात धंदा दहापट करा म्हणून ओरडणारे आणि मग लाखभराचा कोर्स गळ्यात मारणारे. या लोकांमुळे चांगल्या माणसांवरचाही विश्वास उडालाय. माझा साधा ठोकताळा असा की जो पहिल्या भेटीत उत्तर देतो त्याला चहा पाजून वाटेला लावावं. जो आधी तीन वर्षांचे ताळेबंद मागतो, गिऱ्हाईकवार विक्री मागतो, शेडमध्ये उभा राहतो, कामगारांशी बोलतो, त्याच्याशी पुढं बोलावं. एकच ठरलेला प्रश्न द्यावा, उदाहरणार्थ दुसरं मशीन घ्यावं का, किंवा कुठले पार्ट सोडावेत, आणि त्याची ठरलेली फी, ठरलेल्या मुदतीत, लेखी. कुठल्याही मशीनवाल्याकडून, बँकेकडून, सॉफ्टवेअरवाल्याकडून तो कमिशन घेत नाही हे स्पष्ट विचारून घ्यावं, विचारायला लाजू नये. आणि आधी ज्यांचं काम केलंय अशा दोनतीन जणांना स्वतः फोन करावा, त्यातला एखादा तरी असा असावा की ज्याला त्याचा सल्ला आवडला नव्हता.

गुपितं बाहेर जातील ही भीती मी समजू शकतो, विशेषतः जिथं काही व्यवहार वहीबाहेर असतात तिथं. पण खरं सांगू का, तुमचे रेट तुमच्या परचेसवाल्याला माहीत आहेत, तुमची उधारी तुमच्या सप्लायरला माहीत आहे, तुमची सीसी ओव्हर आहे हे बँकेतल्या शिपायालाही माहीत आहे. माहीत नसलेला एकटा मालकच असतो.

फी परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी. केंद्र सरकारची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजना (कारखान्यात वाया जाणारं कमी करायची) २०२३ पासून आहे, उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादक युनिटला त्यात कन्सल्टंट मिळतो आणि वरच्या दोन टप्प्यांत त्याच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार उचलतं. झेड सर्टिफिकेशनमध्येही (मालात दोष नको, पर्यावरणाला त्रास नको असं प्रमाणपत्र) सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सवलत आहे. जिल्हा उद्योग केंद्रं आहेत, पुण्यात मराठा चेंबर १९३४ पासून आहे, मिटकॉन ही सल्लागार संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरला एमसीईडी (उद्योजकता विकास केंद्र) आणि इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथं सगळं छान चालतं आणि गेल्या गेल्या काम होतं असं मी म्हणणार नाही, सरकारी ऑफिसचा अनुभव सगळ्यांना आहे, दोन चकरा जास्त माराव्या लागतील. पण २५ लाखांच्या मशीनसाठी आपण बँकेत किती चकरा मारतो?

आणि सगळ्यात स्वस्त सोय आपल्या गावातच बसलेली आहे. किर्लोस्करवाडीपासून कोल्हापूर-इचलकरंजीपर्यंत मोठ्या कारखान्यांतून रिटायर झालेले प्रॉडक्शनवाले, परचेसवाले, कॉस्टिंगवाले सकाळी बागेत फिरतात आणि दुपारी नातवंडांना शाळेतून आणतात. यातला परचेसवाला तर सोन्यासारखा, कारण छोट्या व्हेंडरचा रेट कसा पाडायचा हे त्याने आयुष्यभर केलेलं असतं, आता तोच तुम्हाला सांगेल की समोरचा कुठपर्यंत ताणतो आणि कुठं सोडतो. प्रत्येक एमआयडीसीच्या उद्योजक संघटनेने अशा लोकांची नुसती यादी जरी केली, कोण कशातला माणूस, किती फी घेणार, कुठल्या दिवशी मोकळा, आणि ती ऑफिसच्या बोर्डावर लावली तरी पुष्कळ काम होईल. संघटनांच्या वार्षिक सभा मी बघितल्यात, पाहुण्यांचे सत्कार आणि वीजदराचं निवेदन यातच वेळ संपतो. त्याच सभेत एक तास ठेवावा आणि एखाद्या सभासदाने स्वतःहून आपल्या एका पार्टचा हिशोब फळ्यावर मांडावा. सुरुवातीला कुणी पुढं येणार नाही हे धरून चालावं, मग अध्यक्षांनी स्वतःचा मांडावा.

किराणा दुकानदार, हॉटेलवाले, बेदाणा-हळदीचे व्यापारी यांना वाटेल हे सगळं कारखानदारांसाठी आहे. लीन योजना उत्पादकांसाठीच आहे हे खरं, आणि ४५ दिवसांत पैसे मिळायचा कायदाही व्यापाऱ्यांना लागू नाही. पण प्रश्न तेच आहेत. तिसरी शाखा काढलेल्या फरसाणवाल्याला पहिल्या दोन शाखांपैकी कुठली कमावते ते माहीत नसतं कारण गल्ला तिन्हीकडचा एकाच डब्यात येतो.

आपल्याला विनंती एवढीच की बजेटच्या आणि अनुदानाच्या बातम्यांसोबत पंधरा दिवसांतून एकदा का होईना, अशा एखाद्या युनिटचा नाव न छापता खरा हिशोब छापा, त्याने काय सोडलं, काय धरलं, काय फसलं सगळं. कॉस्टिंगची माणसं लिहायला तयार होतील, मी दोघातिघांशी बोललोय. मराठीत आणि साध्या भाषेत पाहिजे, कारण शेडमध्ये चहाच्या वेळेला तुमचाच पेपर वाचला जातो.

माझं नाव छापू नये, जुने खातेदार ओळखतील आणि त्यातले दोघं अजून बोलत नाहीत माझ्याशी.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
सांगली

ता.क. मशीनच्या हिशोबात लाईट आणि टूलचा खर्च मशीन कमी चाललं की थोडा कमी होतो, तो मी तसाच ठेवलाय. कुणी जाणकार नेमकं हेच पत्र लिहून दाखवेल म्हणून आधीच सांगतो, त्या दोन्ही खर्चांत चाळीस टक्के कपात धरली तरी तासाला ४४० च्या आसपास येतात, साडेतीनशे नाही.